चर्चला बोलवायचं, पण कसं? सातारा-सांगलीकडच्या मंडळींसाठी पायरी-पायरीनं

उपासना संपता संपता पाळक साहेब (चर्चचे धर्मगुरू) सूचना देतात, "पुढच्या रविवारी येताना प्रत्येकानं एक माणूस घेऊन या." सगळे माना डोलावतात. पुढच्या रविवारी पाहावं तर तीच माणसं, त्याच जागा. यात आळसाचा भाग थोडा असेल, पण कोणाला बोलवायचं, काय शब्दांत बोलवायचं, आलेल्या माणसाचं पुढं काय करायचं हे आपल्याला कुणी शिकवलेलंच नसतं. त्यात सातारा, कराड, सांगली, मिरज हा पट्टा एकमेकांना ओळखणाऱ्यांचा. पेठेतल्या दुकानदाराला तुमचे आजोबा माहीत असतात, आणि तुम्ही परवा उधारी कधी चुकती केली हेही माहीत असतं. अशा ठिकाणी अनोळखी माणसाच्या हातात पत्रिका देऊन पुढं निघून जाता येत नाही. तो माणूस उद्या दूध डेअरीवर भेटणारच आहे.

म्हणून हा लेख बोलावण्यापासून सुरू होत नाही.

आधी स्वतःला आलेली हाक

बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाच्या 5 व्या अध्यायात लेवीची गोष्ट आहे. जकातनाक्यावर बसलेल्या या माणसाला येशू म्हणतो, माझ्यामागं ये. तो उठतो, सगळं सोडतो, मागं जातो. मग स्वतःच्या घरी मोठी पंगत घालतो आणि आपल्यासारख्याच जकातदारांना जेवायला बोलावतो. हा क्रम नीट पाहा: हाक, उठणं, मग घरचं जेवण. आपण बहुतेक वेळा मधली पायरी गाळतो.

उठणं म्हणजे रोजच्या भाषेत काय, तर चार साध्या गोष्टी.

पहिली, वाचन. मार्कच्या शुभवर्तमानाचे 16 अध्याय आहेत. रोज सकाळी मोबाइल हातात घ्यायच्या आधी एक अध्याय. वाचून झाल्यावर एकच प्रश्न वहीत लिहायचा: आज मला काय करायला सांगितलंय? उत्तर कृतीत येणारं हवं. "प्रेमानं वागावं" हे उत्तर झालं नाही. "धाकट्या दिराला फोन करावा" हे झालं.

दुसरी, एक ठरलेली मंडळी, म्हणजे आपलं एक कायमचं चर्च. या रविवारी इथं, पुढच्या रविवारी तिकडं मोठी सभा आहे म्हणून तिथं, असं करणाऱ्याला माणूस बोलावता येत नाही, कारण बोलावणार कुठं?

तिसरी गोष्ट अवघड आहे. आपल्याकडं बांधावरून चुलत्यांशी कोर्टात तारखा चालू असतात आणि त्याच गावात आपण क्षमेची साक्ष देत असतो. गावाला दोन्ही दिसतं. मत्तयच्या 5 व्या अध्यायात अर्पण वेदीपाशी ठेवून आधी भावाशी समेट कर असं सांगितलंय, ते याच प्रसंगासाठी. समेट एका हातानं होत नाही हे खरं. समोरचा ऐकत नसेल तर निदान आपल्या बाजूनं बांध कोरणं, टोमणे, भाऊबंदांत बदनामी हे थांबवता येतं. हुंडा, दारू, खोट्या सह्या, कामगाराची थकलेली मजुरी यांनाही हाच न्याय लावायचा. बुरूज बांधायच्या आधी खर्चाचा हिशेब कर, असं लूक 14:28 मध्ये आहे. शिष्य होण्याचा खर्च इथं असा येतो.

चौथी, घर. मार्कच्या 5 व्या अध्यायात बरा झालेला माणूस येशूबरोबर नावेत चढायला निघतो, तर येशू त्याला परत पाठवतो: आपल्या घरी, आपल्या माणसांकडं जा. ज्याच्या घरात संध्याकाळची कुटुंब प्रार्थना होत नाही त्यानं शेजाऱ्याला चर्चला बोलवायची घाई करू नये, असं माझं मत आहे. कडक वाटेल, पण शेजाऱ्याच्या मुलानं तुमच्या मुलाला "तुमच्यात काय करतात रे?" असं विचारलं तर त्या पोराकडं सांगायला काहीतरी असावं.

साताऱ्याच्या माणसांनी इथं नारायण वामन टिळकांची आठवण ठेवावी. 1895 साली बाप्तिस्मा घेऊन ख्रिस्ती झालेल्या या कवीनं आयुष्याच्या अखेरीस, 1917 मध्ये, मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' मांडला. त्यात बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, दोन्ही प्रकारचे ख्रिस्ताचे शिष्य एकत्र यावेत अशी त्यांची कल्पना होती. 1919 मध्ये ते वारले, त्यामुळं तो दरबार फार वाढला नाही. पण अजून आत न आलेल्या माणसालाही मांडीला मांडी लावून बसायला जागा असावी, हा विचार आपल्याच गावात मांडला गेला आहे. आपली मंडळी अमेरिकन मराठी मिशनच्या परंपरेतली असो, मिरजेकडच्या प्रेस्बिटेरियन वळणाची असो, मुक्तिफौजेची (साल्व्हेशन आर्मीची) असो की अलीकडची पेंटेकोस्टल, हा विचार उपयोगी आहे.

यादी करा, पण कोणाची?

पवित्र शास्त्राच्या (बायबलच्या) मागच्या कोऱ्या पानावर पाच नावं लिहा. पाचच. रोज त्या नावांसाठी प्रार्थना करा आणि महिनाभर कोणालाही काही बोलू नका. या महिन्यात एवढंच पाहायचं की त्या माणसाच्या घरी काय चाललंय.

नावं निवडताना पहिला हक्क आपल्याच सुटलेल्या माणसांचा. प्रत्येक मंडळीच्या रजिस्टरमध्ये नावं असतात, आणि त्यातली कितीतरी माणसं फक्त नाताळला नवे कपडे घालून दिसतात. काही तर तेव्हाही नाही. कुणाचं निवडणुकीत बिनसलं, कुणाच्या आईच्या मयतीला कमिटीतलं कोणी आलं नाही, कुणाला लग्नाच्या हॉलवरून शब्द लागला. यांच्याकडं निमंत्रण घेऊन जायचं नसतं. आधी जाऊन ऐकायचं. "तेव्हा आम्ही यायला हवं होतं" एवढं वाक्य मंडळीच्या वतीनं कोणीतरी बोललं तर अर्धं काम होतं. मला विचाराल तर नव्या माणसाच्या मागं लागण्यापेक्षा हे काम जास्त गरजेचं आहे, आणि त्यात टाळ्या मिळत नाहीत म्हणून ते मागं पडतं.

दुसरा गट, बाहेरून आलेले. मिरजेत नर्सिंग शिकणाऱ्या मुली, कुपवाड किंवा साताऱ्याच्या एमआयडीसीत कामाला आलेली पोरं, नगर-जालन्याकडून बदलीवर आलेले शिक्षक. यातले बरेच जन्मानं ख्रिस्ती असतात. चर्च कुठं आहे, कोणती बस जाते, कोणी ओळखीचं असेल का, एवढ्यावरच त्यांचं अडलेलं असतं.

तिसरा गट, ज्यांच्याशी आपली आधीपासून देवघेव आहे ते इतर धर्मांचे शेजारी-मित्र. दिवाळीचा डबा त्यांच्याकडून येतो, नाताळचा फराळ आपल्याकडून जातो. देवघेव नसेल तर आधी ती सुरू करा. बोलावणं नंतर.

आता कोणाला बोलवायचं नाही ते. दुसऱ्या मंडळीत नीट जाणाऱ्याला ओढू नका, याला आपल्याकडं मेंढरं पळवणं म्हणतात आणि त्यानं गावात फक्त भांडणं वाढतात. तुमच्यावर पोट अवलंबून असलेल्याला, म्हणजे घरकाम करणाऱ्या ताईंना, दुकानातल्या पोराला, भाडेकरूला स्वतःहून बोलावू नका. त्याला नाही म्हणता येत नाही, आणि ज्याला नाही म्हणता येत नाही त्याचं हो काय कामाचं? लहान मुलांना आई-वडिलांच्या परवानगीशिवाय संडे स्कूललाही नेऊ नका, खाऊ वाटण्यापुरतंही नाही.

आजारी माणसाचं तसंच. मिरजेला डॉ. विल्यम वानलेस यांचं रुग्णालय 1894 पासून उभं राहिलं आणि त्याच्या दारात सगळ्या जाती-धर्मांची माणसं आली. त्या कामाचा मान आजही लोक ठेवतात. म्हणूनच खाटेवरच्या माणसाला "आमच्या प्रार्थनेला या, बरे व्हाल" असं सांगणं मला पटत नाही. त्यानं स्वतः प्रार्थना करायला सांगितली तर अवश्य करा, हळू आवाजात, घरच्यांना विचारून. औषध बंद करा असं तर चुकूनही बोलू नका. पुराच्या मदतीचंही हेच. 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी सांगलीत शिरलं तेव्हा ज्याला जमेल तो मदतीला धावला. अशा वेळी दिलेल्या पिशवीत पत्रिका घालायची नाही. उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये, हे वचन तिथं शब्दशः पाळायचं.

विचारायचं कसं

योहानच्या पहिल्या अध्यायात फिलिप नथनेलला येशूबद्दल सांगतो. नथनेल लगेच नाक मुरडतो, नासरेथातून काही चांगलं निघेल का? फिलिप वाद घालत नाही, एवढंच म्हणतो, येऊन पाहा. आपल्यालाही यापेक्षा जास्त बोलायची गरज नाही. फरक इतकाच की आपल्या शेजाऱ्याला काय पाहायचंय, किती वेळ पाहायचंय आणि पाहायला आल्यावर त्याच्यावर काय येऊन पडणार आहे, हे आधी सांगावं लागतं.

व्हॉट्सॲप स्टेटसला लावलेली पत्रिका म्हणजे बोलावणं नव्हे. समोरासमोर, माणूस एकटा किंवा घरच्यांबरोबर असताना, चहा संपत आलेला असताना विचारा. साधारण असं:

"वहिनी, येत्या रविवारी आमच्या चर्चमध्ये हंगामाचा सण आहे. तुम्ही आणि दादा याल का?"

"त्यात काय असतं?"

"शेतकरी पहिलं पीक आणून वेदीपुढं ठेवतात. ज्वारीची कणसं, हळद, भाज्या, कुणी कोंबडीसुद्धा. गाणी होतात, पाळक साहेब बोलतात, मग त्या सगळ्याचा लिलाव. साडेनऊला सुरू होतं, बारापर्यंत मोकळे."

"आम्हाला काही करावं लागतं का? म्हणजे... लोक म्हणतात तिथं गेलं की बाटवतात."

इथं बहुतेक जण गडबडतात किंवा चिडतात. चिडायचं कारण नाही. वहिनींनी मनातलं तोंडावर विचारलं, हा विश्वास आहे. शांतपणे सांगा:

"कुणी काही करायला लावणार नाही. गाण्याला सगळे उभे राहतात, तुम्ही बसून राहिलात तरी चालतं. थाळी फिरते, त्यात पैसे टाकायची गरज नाही. मी शेजारीच बसेन. आणि नको वाटलं तर तसं सांगा, आपलं येणं-जाणं आहे तसंच राहील."

शेवटचं वाक्य नुसतं म्हणण्यासाठी म्हणू नका, तसं वागायची तयारी ठेवा. "विचारते ह्यांना" असं उत्तर आलं तर विषय तिथंच सोडा आणि शनिवारी एकदाच आठवण करा. तिसऱ्यांदा विचारणं म्हणजे पिच्छा पुरवणं. आणि दादांना अंधारात ठेवून वहिनींना नेण्याचा बेत कधीही करू नका.

पहिल्यांदा कशाला बोलवायचं हे माणूस पाहून ठरवा. शेतकऱ्याला हंगामाचा सण लगेच कळतो. गाण्याची आवड असणाऱ्याला नाताळच्या कॅरलला किंवा भजनाच्या संध्याकाळी बोलवा. पेटी, तबला आणि टाळावर गायलेली आपली मराठी भजनं ऐकून "अरे, हे तर आपल्यासारखंच" असं तो स्वतःच म्हणेल. ज्याच्या घरी नुकतंच दुःख झालंय त्याला उत्तम शुक्रवारची (गुड फ्रायडेची) तीन तासांची उपासना झेपेल असं धरू नका. उसाच्या हंगामात पाळीवर असणाऱ्याला सकाळचं विचारूच नका, आठवड्यातल्या रात्रीच्या घरगुती प्रार्थनेला विचारा. बऱ्याच जणांना घरातली सतरंजी चर्चच्या बाकापेक्षा सोपी जाते. लेवीनंही घरीच बोलावलं होतं.

बोलताना दुसऱ्याच्या देवाबद्दल, सणाबद्दल, प्रसादाबद्दल वावगा शब्द नको. कोणी प्रश्न विचारलाच तर सौम्यतेनं आणि आदरानं उत्तर द्या, असं पेत्राच्या पहिल्या पत्रात (3:15) स्पष्ट आहे. आपली साक्ष दोन मिनिटांत सांगता यायला हवी: आधी माझं काय चाललं होतं, येशूमुळं काय बदललं, अजून काय बदलायचंय. हा तिसरा भाग सोडू नका, सगळं छान झालंय असं सांगणाऱ्यावर आपल्याकडं कोणी विश्वास ठेवत नाही.

रविवारची सकाळ

आदल्या रात्री पाळक साहेबांना कळवा की पाहुणे येणार आहेत, पण स्टेजवरून त्यांचं नाव घेऊ नका असंही सांगा. पाहुण्याला उभं करून "आज आपल्यात नवीन कोण आलंय?" असं विचारणं आणि सगळ्यांनी वळून बघणं यासारखं परत न येण्याचं दुसरं कारण नाही. त्यात त्याचा चुलता उद्या विचारणार, तू तिथं काय करत होतास? फोटो आणि फेसबुक लाइव्हचा कॅमेरा पाहुण्याकडं वळू देऊ नका. हे फार महत्त्वाचं आहे आणि याकडं फार दुर्लक्ष होतं.

"तिथं भेटू" म्हणू नका. घरून बरोबर निघा, लांबचे असतील तर एसटी स्टँडवर घ्यायला जा. चपला बाहेर काढायच्या की नाही, बायका-पुरुष वेगळे बसतात की एकत्र, डोक्यावर पदर घेतात का, हे रस्त्यातच सांगा. मंडळीमंडळीत हे वेगळं असतं. जागा मधल्या रांगेत, कडेला धरा: पुढं बसवलं तर माणूस अवघडतो, अगदी मागं बसवलं तर त्याला काही कळत नाही. गाडीतून आलेल्याला खुर्ची आणि पायी आलेल्याला सतरंजी असं तर मुळीच नको. याकोबाच्या पत्राचा दुसरा अध्याय कमिटीनं दारावर लावून ठेवावा, इतकी ही खोड जुनी आहे.

गाण्याचं पुस्तक उघडून हातात द्या, क्रमांकावर बोट ठेवा. वचन वाचताना पान शोधून द्या. प्रभुभोजन (येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घेण्याचा विधी) असेल तर आधीच कानात सांगा: "हे आता बाप्तिस्मा आणि दृढीकरण झालेले, म्हणजे मंडळीचे पूर्ण सभासद असलेले लोक घेतात. मी पुढं जाऊन येते, तुम्ही इथंच बसा, किंवा तुम्हाला एकटं वाटत असेल तर मीही आज बसते." मुक्तिफौजेच्या सभेत हा प्रश्न येत नाही, कारण तिथं हा विधी नसतो. कॅथलिक चर्चमध्ये ख्रिस्तप्रसादाची रांग लागते, तिथं सगळे उठले की पाहुणाही सवयीनं उठतो, तेव्हा तिथंही आधी सांगणं बरं.

उपासनेनंतर चहा मिळत असेल तर थांबा. दोघा-तिघांशी ओळख करून द्या, त्यातला एक तरी त्यांच्या धंद्यातला किंवा गावाकडचा असावा. पाळक साहेबांशी भेट दोन मिनिटांची. परतताना "मग, कसं वाटलं?" असं लगेच खोदू नका. जेवायला घरी न्या. ते स्वतः काही बोलले तर ऐका, नाहीतर भाज्यांच्या लिलावात कोंबडी कितीला गेली यावर बोला.

त्यानंतरचे दिवस

दोन-तीन दिवसांनी भेटा, दुसऱ्या कुठल्याही कामानं. विषय त्यांनी काढला तर पुढं जा. प्रश्न आले तर माहीत असेल तेवढंच सांगा, बाकी पाळक साहेबांना विचारून सांगतो म्हणा, आणि खरंच विचारून सांगा. मार्कचं शुभवर्तमान सुटं, लहान पुस्तकाच्या आकारात मिळतं. मागितलं तर ते द्या, जाड बायबल एकदम हातात देऊ नका.

आणि नाही म्हणाले तर? मार्कच्या 10 व्या अध्यायात एक श्रीमंत माणूस खिन्न होऊन निघून जातो. येशूनं त्याच्यावर प्रीती केली असं तिथं लिहिलंय, पण तो त्याच्या मागं धावला नाही. त्यांचा डबा दिवाळीला जसा यायचा तसा येऊ द्या, तुमचाही नाताळला जाऊ द्या. पुढच्या वर्षी सणाला पुन्हा एकदा विचारायला हरकत नाही.

दोन-चारदा येऊन गेलेल्या माणसाला काम द्या. सतरंज्या घालणं, चहा वाटणं, तबला येत असेल तर तबला. बघ्या म्हणून माणूस फार दिवस टिकत नाही.

कोणी पुढं जायचं म्हणालं तर

इथं तुमचं काम कमी होतं आणि मंडळीचं वाढतं. घाई कोणीही करायची नाही. बाप्तिस्म्याचा विचार करणारा माणूस सज्ञान हवा, घरच्यांशी बोललेला हवा, आणि काही महिने शिक्षण घेतलेला हवा. घरून विरोध असेल तर घर सोडून ये असा सल्ला देऊ नका. वाट पाहा.

कायद्याची बाजू लपवू नका. घटनेचं कलम 25 आपला धर्म मानायचं, आचरायचं आणि त्याचा प्रसार करायचं स्वातंत्र्य देतं. पण प्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं 1977 मध्ये सांगितलंय. आमिष, धाक, फसवणूक यांचा वाराही लागता कामा नये, आणि प्रत्यक्ष निर्णयाची वेळ आली की त्या वेळी लागू असलेले नियम वकिलाकडून समजून घ्यावेत. शिवाय 1950 च्या राष्ट्रपती आदेशाप्रमाणं अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंना, 1956 पासून शिखांना आणि 1990 पासून बौद्धांना मिळतो, ख्रिस्ती झालेल्याला मिळत नाही. शिष्यवृत्ती, नोकरी, राखीव जागेवरची निवडणूक, सगळ्यावर याचा परिणाम होतो. "बघू नंतर" असं म्हणून हे टाळणारा माणूस समोरच्याला फसवतोच. खर्चाचा हिशेब आधी कर असं ज्यानं सांगितलं त्याचे शिष्य म्हणवून घेताना ही माहिती आपणच, बाप्तिस्म्याच्या वर्गाच्या पहिल्या दिवशी, कागदावर लिहून द्यायला हवी. घरी नेऊन वाचायला वेळ द्या, आणि पुढच्या वर्गाला तो आला नाही तरी रस्त्यात भेटल्यावर नमस्कार आधी आपण करा.